भिंतीत मुरलेलं पाणी

दार घासत होतं म्हणून ते खालून कापलं. दोन-तीन वर्षांनी पुन्हा घासायला लागलं, पुन्हा कापलं. तिसऱ्यांदा कापलं तेव्हा सुतारानंच वैतागून खाली रबराची पट्टी ठोकून दिली. आता ती पट्टीही झिजलीय. जूनच्या शेवटच्या आठवड्यात लखनौच्या तालकटोरा औद्योगिक वसाहतीत मी त्या दारापुढे उकिडवी बसले होते. बाहेर चाळिशीचा उन्हाळा आणि दाराखालच्या फटीतून पायाच्या बोटांना हिमालयातली झुळूक लागत होती.

"सुतार की ग़लती नहीं थी, मैडम," मालक म्हणाले. "दरवाज़ा सचमुच अटकता था."

खरंच अडकत होतं. फक्त दार तेवढंच असताना ते अडकायला का लागलं, हे एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला 'दुरुस्ती'. लखनौ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे मोठ्या इमामबाड्याचा चुना, चिकनच्या कुर्त्यांचं रफूकाम असलं देखणं काहीतरी आलं होतं. ते सोडून मी एका जुनाट फ्रीझरच्या खोलीत शिरले, याला कारण आमच्या भागातले एक गलाईवाले.

चौकातली भट्टी

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यानिमित्त देशभर पसरली आहेत. सराफबाजार असलेल्या कुठल्याही गावात चौकशी केली की एखाद्या बोळात विट्याकडची मराठी ऐकू येते. लखनौच्या 'चौक' भागातही येते. मी ज्यांच्याकडे उतरले होते त्या काकांची जागा म्हणजे दहा बाय बारा फुटांची खोली. त्यात भट्टी, मुशी, ॲसिडाच्या बरण्या आणि भिंतीवर विठोबा. चांदी ९६१ अंशांना वितळते, सोनं १०६४ला. काकांचं सगळं आयुष्य आतली उष्णता बाहेर जाऊ न देण्यात गेलेलं.

"भट्टीला आतनं भाजकी वीट आणि भायेरनं लोकर लावतो आम्ही," काका म्हणाले. "लोकर भिजली की काम खलास. माझ्या त्या फ्रीझरवाल्या दोस्ताचं तेच झालंय, पर त्याला पटंना. तुम्ही पेपरवाल्या हाय, ताई, तुमचं ऐकंल."

माझं लगेच कुणी ऐकलं नाही, ते पुढे येईलच. पण दोन टोकांची दोन माणसं, एकाला हजार अंश आत ठेवायचे, दुसऱ्याला बाहेरचे चाळीस आत येऊ द्यायचे नाहीत, आणि दोघांचं दुखणं एकच. एवढ्यावर मी काकांच्या स्कूटरवर बसले.

मित्राचा धंदा मोसमी. हिवाळ्यात सोललेला मटार गोठवून ठेवायचा, जूनमध्ये मलिहाबादच्या दशहरी आंब्याचा गर आणि उन्हाळाभर कुल्फी-आइस्क्रीमवाल्यांचा माल भाड्यानं सांभाळायचा. खोली वीस बाय बारा फुटांची, दहा फूट उंच. पत्र्याच्या शेडमध्ये उभी केलेली एक पेटीच. आत उणे १८ अंश हवेत. मी गेले तेव्हा काटा उणे ११ दाखवत होता आणि कॉम्प्रेसर सकाळपासून एकदाही थांबला नव्हता.

घाम कुठे येतो

फ्रीझर थंडी तयार करतो, असं आपण सहज बोलून जातो. थंडी ही वस्तूच नाही. आत झिरपलेली उष्णता उपसून बाहेर टाकणारा तो पंप आहे. गळक्या होडीतलं पाणी डब्यानं उपसावं तसा. होडीचं भोक मोठं असेल तर दोन उपाय असतात, मोठा डबा आणणं किंवा भोक बुजवणं. शहरातला प्रत्येक मिस्त्री आधी मोठा डबा सुचवतो. डब्यावर कमिशन असतं, हे खरंच, पण मला वाटतं खरं कारण वेगळं आहे. यंत्र दिसतं, आवाज करतं, त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढता येतो. भिंत काहीच करत नाही. काही न करण्यासाठी पैसे मोजायला कुणाचा हात धजावत नाही.

या खोलीची भिंत वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या रीतीनं बांधलेली: वीट, त्यावर डांबर, डांबरावर थर्माकोलच्या लाद्या, त्यावर जाळी ठोकून सिमेंटचा गिलावा. थर्माकोल एकूण चार इंच. कागदावर उत्तम.

काकांनी मला पेटीच्या मागच्या बाजूला नेलं. तिथे विटेवर काळपट, ओलसर नकाशा उमटला होता. वर कोपऱ्यात एक डाग, खोली गार करणाऱ्या कॉइलचा पाइप आत जातो तिथे दुसरा, खाली जमिनीलगत सलग पट्टा. पावसाळ्याच्या तोंडावर लखनौची हवा ३५ अंश आणि सत्तर टक्के दमट असली, की जी जागा हवेपेक्षा साताठ अंशांनी थंड असेल तिला घाम फुटतो. म्हणजे जिथे घाम, तिथे आतलं थर्माकोल निकामी. यासाठी परदेशात लोक हजारो रुपयांचे उष्णता टिपणारे कॅमेरे लावतात. इथे बुरशीनं तो नकाशा फुकट काढून दिला होता, आणि दर दिवाळीला त्यावर चुना फासला जात होता.

मालकांचे मिस्त्री नाखुशीनंच छिन्नी घेऊन आले. आतल्या बाजूनं हातभर चौकोन फोडला, जाळी कापली आणि लादी ओढली. थर्माकोलची लादी दोन बोटांत उचलावी. ही दोन्ही हातांनी उचलावी लागली. फरशीवर ठेवताच तिच्याखाली थारोळं झालं. मोडली तर आत पांढऱ्या दाण्यांच्या मधे बर्फाच्या सुया चमकत होत्या.

कुणीच काही बोललं नाही. काकांनी तेवढा तंबाखू मळायला घेतला.

भिजलेली घोंगडी

या भिंतीत पाणी शिरलं ते छतातून गळून नव्हे. ते हवेतून आलं. बाहेरच्या दमट हवेतल्या बाष्पाचा दाब आतल्या गोठलेल्या हवेतल्या बाष्पाच्या तीसपट असतो. हा दाब रात्रंदिवस बाहेरून आत ढकलत राहतो आणि वीट, गिलावा, तडकलेलं डांबर यांच्यातून वाट काढतो. आत येता येता बाष्पाचं पाणी होतं, आणखी आत त्याचा बर्फ. पाणी गोठताना नऊ टक्क्यांनी फुगतं, शेजारचा सांधा उसवतो आणि पुढच्या बाष्पाला दार उघडून देतो.

थर्माकोल काय, पफ (पॉलियुरेथेन फोम) काय, लोकर काय, यांची सगळी करामत कोंडलेल्या हवेत आहे. घोंगडीनं ऊब येते ती तिच्या केसांमधल्या हवेमुळे. पावसात घोंगडी पार भिजली की ती अंगावर ओझं होते, ऊब उरत नाही. थर्माकोलच्या मानानं पाणी सोळा-सतरापट उष्णता वाहून नेतं, बर्फ तर साठपट. म्हणून फ्रीझरच्या भिंतीत बाष्प अडवणारा अखंड पडदा हवा आणि तो बाहेरच्या, म्हणजे गरम बाजूला हवा. आतल्या बाजूला लावलात तर पाणी आत शिरेल आणि त्या पडद्याला अडून तिथेच मुरेल. इथे डांबराचा पडदा बाहेरच होता, जागा बरोबर होती. पण वीस-पंचवीस उन्हाळ्यांत तो तडकला, आणि मधल्या काळात नवीन वायर, नवीन पाइप, नवीन दिवा यांसाठी कुणी ना कुणी त्यात भोकं पाडत गेलं.

घोंगडीचं उदाहरण मी उगाच घेतलेलं नाही. इंग्रज सेनाधिकारी सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला अलाहाबादकडच्या बर्फ पाडण्याच्या पद्धतीचं वर्णन पाठवलं होतं. थंडीतल्या निरभ्र रात्री उथळ मातीच्या परळांत पाणी ओतून ते उसाच्या चिपाडांच्या जाड बिछान्यावर मांडत. हवा गोठणबिंदूच्या वर असली, तरी उघड्या आकाशाकडे उष्णता सोडून पाण्यावर बर्फाची खपली धरत असे. चिपाडं कशाला, तर जमिनीची ऊब खालून येऊ नये म्हणून. पहाटे गोळा केलेला बर्फ चौदा-पंधरा फूट खोल खड्ड्यात साठवत, आणि त्या खड्ड्याला आधी गवताचं आणि मग जाड्याभरड्या कांबळ्यांचं अस्तर असे. लखनौपासून दोनशे किलोमीटरवर, अडीचशे वर्षांपूर्वी, विजेशिवाय. पुढे १८३३ साली बर्फव्यापारी फ्रेडरिक ट्यूडरनं पाठवलेलं 'टस्कनी' जहाज बोस्टनहून १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं तेव्हा शंभर टनांच्या आसपास शिल्लक होता. यंत्र नव्हतंच. फक्त अस्तर होतं.

लखनौत ही विद्या अजून रस्त्यावर आहे. अमीनाबादेत प्रकाशची कुल्फी १९५६पासून आहे, पण मी हातगाडीवाल्यापाशी जास्त वेळ थांबले. त्याच्या माठात बर्फ आणि खडेमीठ, भोवती ओलं होऊ न दिलेलं गोणपाट. बर्फ-मिठाचं मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. तालकटोऱ्यातल्या त्या खोलीला दिवसभर धडधडूनही एवढं साधत नव्हतं. गोणपाट बदलतो का, असं विचारलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला. "भीग जाए तो बदलना ही पड़ेगा." फ्रीझरच्या दुरुस्तीबद्दल याहून अचूक वाक्य मला कुठल्याही इंजिनिअरकडून मिळालं नाही.

कोंडा खाली बसतो

फ्रीझरच्या खोलीचं दुखणं शीतगृहांच्या भिंतींनाही आहे. देशातली सर्वाधिक शीतगृहं उत्तर प्रदेशात आहेत, आणि त्यातली बहुतेक बटाट्याची. आग्रा, हाथरस, कन्नौज, फर्रुखाबाद हा मुख्य पट्टा. लखनौच्या आसपासही आहेतच. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेला बटाटा पोत्यांतून येतो आणि दोन ते चार अंशांत कार्तिकापर्यंत झोपतो. आपल्याकडे तासगावला बेदाण्याची कोल्ड स्टोरेजेस आहेत, काकांना त्यांचा वास अजून आठवतो. पण बटाट्याचं प्रकरण वेगळं. बटाटा श्वास घेतो, स्वतः उष्णता सोडतो, त्याला दमट हवा लागते आणि मधूनमधून ताजीही.

जुन्या शीतगृहांत दोन भिंतींमधे भाताचा कोंडा भरलेला असतो. स्वस्त, जवळचा आणि कोरडा असेपर्यंत चांगला. पण सुटा कोंडा वर्षागणिक खाली बसतो. वरचा दोन-तीन फूट भाग पोकळ होतो, आणि गरम हवेला वरूनच यायचं असतं. शहाणा मालक दर मोसमाआधी वरून कोंड्याची भर घालतो. बाकीचे मोठा डबा आणतात. मार्च २०२३मध्ये संभल जिल्ह्यातल्या चंदौसीला बटाट्याचं शीतगृह कोसळून चौदा माणसं गेली, तेव्हापासून इमारतीच्या ताकदीबद्दल लोक बोलायला लागले. भिंतीच्या पोटाबद्दल अजून कुणी बोलत नाही.

कागदावरचा हिशेब

परत तालकटोऱ्यात. मालकांना पटवायचं होतं, म्हणून मी त्यांच्याच पावतीपुस्तकाच्या मागे आकडे मांडले. भिंती, छत आणि तळ मिळून सुमारे १०४ चौरस मीटर. बाहेर सरासरी ३५, आत उणे १८. थर्माकोल कोरडं असतं तर या भिंतींतून दोन किलोवॉट उष्णता आत आली असती. भिजून त्याचा गुण निम्म्यावर आला असं धरलं, तर चार. चार किलोवॉट म्हणजे दिवसाला हजार किलो बर्फ वितळवण्याइतकी उष्णता, नुसत्या भिंतींतून, एकही मटार आत न ठेवता. सहा इंची पफ पॅनेल असेल तर हाच आकडा एक किलोवॉटच्याही खाली येतो.

उन्हाळ्यात असं यंत्र एक भाग वीज खाऊन जेमतेम दीड भाग उष्णता उपसतं. त्या मापानं ओल्या भिंतीपायी दिवसाला ६४ युनिट, कोरड्या थर्माकोलला ३२ आणि पफला १४. ओल्या भिंतीत आणि पफमध्ये दिवसाला पन्नास युनिटांचा फरक. युनिटला आठ रुपये धरले तर भर उन्हाळ्यात महिन्याला बारा हजार. शिवाय वीज गेली की चांगली भिंत माल तासन्‌तास सांभाळते, जनरेटरचं डिझेल वाचतं. लखनौत हा फायदा किरकोळ नाही.

मिस्त्रींचा आग्रह नव्या, मोठ्या कॉम्प्रेसरचा होता. जुनं यंत्र आर-२२ वायूवर चालणारं. त्या वायूवर चालणारी नवी यंत्रं बनवणं देशात २०२५पासून बंद झालंय आणि दुरुस्तीसाठीचा पुरवठाही आटत जाणार. तेव्हा यंत्र कधीतरी बदलावं लागेलच. पण भिंत आधी नीट केली तर लहान यंत्र पुरेल. आधी यंत्र घेतलं तर ओल्या भिंतीच्या मापाचं घ्यावं लागेल आणि तेच जन्मभर पोसावं लागेल. क्रमाचा हा मुद्दा मी तीनदा सांगितला. मालकांनी तीनदा चहा मागवला.

मग त्यांनी मधला मार्ग काढला: जुन्या गिलाव्यावरच आतून पफ पॅनेल चढवू, फोडाफोड नको. हा मोह सगळ्यांना होतो. खोली दोन्हीकडून सहा-सहा इंच लहान होईल, म्हणजे तेरा टक्के जागा गेली, पण त्याहून वाईट वेगळंच आहे. आतून नवा थर चढला की जुनी लादी थंडीपासून तुटते आणि बाहेरच्या तापमानाकडे सरकते. तिच्यातला बर्फ वितळतो. ते पाणी दोन पडद्यांच्या मधे अडकतं, कुजतं, विटेत उतरतं. ओलं काढल्याशिवाय कोरडं चढवायचं नाही. हे काकांनी सांगितलं, मी नाही. मी सांगून थकले होते.

दाराशी

भिंतीचं काम मोठं, ते खोली रिकामी झाल्यावरच. दार मात्र त्याच दुपारी तपासलं. एका पोऱ्याला जॅकेट घालून आत उभं केलं, दिवा बंद केला, बाहेरून टॉर्च फिरवला. जिथे उजेड दिसला तिथे त्यानं आतून ठोकलं. अकरा ठिकाणी ठोकलं. (आतून उघडायची मूठ चालते का, हे आधी पाहून घेतलं. चालत होती. हे कुणीही वगळू नये.) मग रबराच्या कडेत कागदाचा चिटोरा धरून दार लावायचं आणि ओढायचं. सहज सुटला तर रबर मेलेलं. शेवटी कडेकडेनं उदबत्ती. धूर वरच्या फटीशी आत वळत होता आणि खालच्या फटीशी बाहेर फेकला जात होता. थंड हवा जड, ती खालून ओघळते आणि तेवढीच गरम हवा वरून शिरते.

मीटरभर रुंदीचं दार मिनिटभर सताड उघडं राहिलं, तर त्या ओल्या भिंतीतून वीस मिनिटांत येते त्याहून जास्त उष्णता आत येते. आणि पाणी वेगळंच. पावसाळी हवेच्या दर घनमीटरमागे पंचवीस-सव्वीस ग्रॅम पाणी कॉइलवर जाऊन गोठतं. खोलीभर हवा बदलली तर पावणेदोन लिटर. तोच बर्फ उतरवायला दिवसातून चारदा हीटर लावायचा आणि हीटरची उष्णता पुन्हा पंपानं उपसायची.

प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा होता, पण तो गुंडाळून सुतळीनं बांधलेला. का? हमाल म्हणाला, "मुँह पर थप्पड़ की तरह लगती है." पट्ट्या साध्या, थंडीत लाकडासारख्या कडक होणाऱ्या. फ्रीझरसाठी गारठ्यातही मऊ राहणारा प्रकार वेगळा मिळतो, थोडा महाग. पडदा न वापरणारा हमाल आळशी नव्हता, त्याला चुकीची वस्तू दिली होती.

आणि ते घासणारं दार. खोलीच्या तळाशी उष्णतारोधक थर होता, पण त्याखाली ऊब देणारी तार नाही की हवा खेळवणारे पाइप नाहीत. वर्षानुवर्षं थंडी हळूहळू खाली उतरली आणि जमीनच गोठली. लखनौची माती गोमतीच्या गाळाची, बारीक कणांची. अशी माती गोठताना खालचं पाणी वर ओढून घेते आणि बर्फाच्या चकत्या चढवत फुगते. फरशी मधोमध उचलली गेली होती. ट्रॉली मधोमध सोडली की आपोआप भिंतीकडे घरंगळत जाई. दार अडकत होतं ते जमीन वर आली म्हणून. सुतारानं तीनदा दार कापून त्या जमिनीला वाट करून दिली होती.

मालक बराच वेळ त्या ट्रॉलीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पंद्रह साल से हम समझते थे कि बढ़ई निकम्मा है."

सप्टेंबरातला फोन

जुलैत दाराचं रबर बदललं. दारावर नव्या मऊ पट्ट्या आल्या. पाइप आणि वायर जिथून आत शिरतात ती भोकं फोमनं बुजवली, नळीच्या आतूनही, कारण नळीतून हवा वाहते हे कुणाच्या ध्यानात येत नाही. पेटीच्या माथ्यावर रचलेली जुनी खोकी उतरवली. शेडच्या पत्र्याखाली हवा खेळायला जागा झाली. कॉइलमागचे जुने पंखे काढून कमी वीज खाणारे बसवले. पंख्याचा प्रत्येक वॉट आत उष्णता होऊनच उरतो, म्हणून तिथली बचत दुहेरी. उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरची जाळी धुतली. तो भिंतीशी तोंड करून स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत होता, त्याला बाहेर तोंड दिलं. हे सगळं मिळून नव्या कॉम्प्रेसरच्या किमतीचा छोटा तुकडाच.

सप्टेंबरच्या मध्यावर काकांचा फोन आला. काटा उणे १७वर आला होता आणि यंत्र तासातून पंधरा-वीस मिनिटं गप्प बसायला लागलं होतं. मालकांना आधी वाटलं ते बंद पडलं. घाबरून त्यांनी मिस्त्रींना बोलावून घेतलं.

भिंत आणि तळ बाकी आहे. दसऱ्यानंतर कुल्फीवाल्यांचा माल कमी होतो आणि मटार यायला डिसेंबर उजाडतो, तेवढ्या फटीत काम बसवलंय. गिलावा आणि सगळं थर्माकोल काढायचं, वीट पंखे लावून महिनाभर वाळवायची, तळ फोडून खाली हवेचे पाइप टाकायचे, मग पॅनेल. पैशांचा निम्मा भाग मालक कर्जानं उभारताहेत. कॉम्प्रेसर पुढच्या वर्षी. हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा ती खोली रिकामी असेल, तीनदा कापलेलं दार बिजागऱ्यांवरून उतरवून भिंतीला टेकवलेलं असेल, आणि वीट वाळत असेल.